ऊसतोडीवरचा चित्रपट लोकवर्गणीतून: कोणाकडे जायचं, कसला पैसा घ्यायचा

बीड जिल्ह्यातल्या एका तरुण दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. त्यांनी दोन लघुपट केलेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर पूर्ण लांबीची पटकथा लिहून झाली आहे आणि अंदाजपत्रक ३५ लाखांचं आहे. निर्मात्यांच्या भेटीगाठींत दोन वर्षं गेली, होकार मिळाला नाही. आता लोकांकडून पैसे उभे करायचं त्यांच्या मनात आहे. एवढे पैसे जमतील का, कुठल्या संकेतस्थळावर मोहीम लावावी, पैसे देणाऱ्यांना नफ्यात वाटा द्यावा का आणि हे कायद्यात बसतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी स्वतंत्र चित्रपटांचं निर्मिती-व्यवस्थापन आणि हिशेब बघतो. त्यात लोकांच्या पैशावर उभी राहिलेली कामंही होती. तुम्ही संकेतस्थळ आधी विचारलंत, पण मी त्याकडे शेवटी येतो. तुमचा चित्रपट पडद्यावर यावा असं ज्यांना आजच वाटतंय ती माणसं कोण, हे आधी ठरवायला हवं. ती माणसं ठरली की बाकीची उत्तरं सोपी होतात.

या विषयावर बोलताना सगळे ‘मंथन’चं उदाहरण देतात. तुम्हीही दिलं आहे, म्हणून ते नीट बघू. श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. २०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेली त्याची नवी प्रत कानच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे छापून आली. पण पाच लाख लोकांकडे कोणी पावतीपुस्तक घेऊन गेलं नव्हतं. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं सहकारी दूध संस्थांचं जाळं गावोगाव होतं, दूध रोज मोजलं जात होतं, पैसे नियमित मिळत होते. एका दिवसाच्या दुधाच्या पैशातून दोन रुपये कमी घ्या, एवढंच सभासदांना सांगावं लागलं. विश्वास आणि वसुलीची वाट दोन्ही आधीच तयार होती. शिवाय चित्रपट त्यांच्याच संस्थेच्या जन्माची गोष्ट सांगणारा होता, त्यामुळे पुढे हेच शेतकरी ट्रक भरून तो बघायला आले. पटकथा विजय तेंडुलकरांची होती, हेही आपण लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

तुमच्याकडे असं जाळं आहे का? आपल्या भागात साखर कारखाने सहकारी आहेत, पण ऊसतोड कामगार त्यांचे सभासद नसतात. सभासद असतो ऊस उत्पादक. तोडणी करणारी कोयता-जोडी, म्हणजे नवरा-बायको, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येते आणि हंगामभर ती फेडत राहते. म्हणून माझं पहिलं स्पष्ट मत: ज्यांची गोष्ट तुम्ही सांगताय, त्या कामगारांकडून वर्गणी घेऊ नका. कोणी प्रेमाने दहा रुपये पुढे केले तरी नको. ‘मंथन’चे शेतकरी संस्थेचे मालक होते. तुमच्या चित्रपटातली माणसं कर्जात आहेत. उलट ती पडद्यावर येणार असतील, किंवा त्यांच्या खोपीत चित्रण होणार असेल, तर त्यांचा दिवसाचा रोज अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवा. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात ‘स्थानिक सहकार्य’ या नावाखाली तो शून्य धरला आहे. तो बदला, मग आकडा ३५ वरून ३८ झाला तरी चालेल.

मग तुमचे लोक कोण? साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या शाळेत, शिकवलेले शिक्षक. हंगामी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांमधले कार्यकर्ते. आई-बाप फडावर असताना आजीजवळ राहून शिकलेली आणि आज तलाठी, परिचारिका, पोलीस, प्राध्यापक झालेली मुलं-मुली. पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईत नोकरीला असलेले बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, पाटोदा, शिरूरकडचे लोक. हा समूह लहान नाही, आणि या विषयावरचा चित्रपट व्हावा ही त्यांची स्वतःची इच्छा असू शकते. त्यांच्याकडे तुम्ही ‘कलाकाराला मदत करा’ म्हणून गेलात तर पाचशे रुपये आणि शुभेच्छा मिळतील. ‘आपली गोष्ट आजवर नीट कोणी दाखवली नाही, ती दाखवायची आहे’ असं म्हणत गेलात तर ते तुमच्यासाठी आणखी दहा जणांना फोन करतील.

केरळमध्ये मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या साथीदारांनी १९८४ मध्ये ओडेसा कलेक्टिव्ह हा गट उभा केला तेव्हा हेच केलं. गावोगाव चित्रपट दाखवायचे, मग लोकांसमोर झोळी फिरवायची. त्या पैशातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ झाला आणि तोही तसाच गावोगाव फिरवून दाखवला गेला. यात अनुकरण करण्याजोगा भाग आहे तो क्रमाचा. आधी त्यांनी लोकांना चित्रपट दाखवले आणि नंतर पैसे मागितले. तुमच्याकडे दोन लघुपट आहेत. शाळेच्या सभागृहात, ग्रामपंचायतीच्या पटांगणात, वाचनालयात ते दाखवा आणि नंतर अर्धा तास गप्पा मारा. पहिल्या चार-पाच ठिकाणी पैशांचा विषयही काढू नका. फक्त नाव, गाव आणि फोन नंबर लिहून घ्या. ही वही तुमच्या मोहिमेतली सगळ्यात मोलाची वस्तू ठरेल. समाजमाध्यमावर किती जण तुमच्या मागे आहेत यापेक्षा या वहीत किती नावं आहेत यावर माझा जास्त भरवसा असेल.

आता पैशाच्या प्रकाराकडे येऊ. इथे गोंधळ झाला तर पुढे कोर्टकचेरीपर्यंत जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक चित्रपटासाठी पैसे तीन नात्यांनी देतात. काही जण परत काही न मागता देतात, ती वर्गणी. काही जण आधी पैसे देऊन नंतर काहीतरी घेतात: खेळाचं तिकीट, पटकथेचं पुस्तक, श्रेयनामावलीत नाव. ही आगाऊ विक्री झाली. आणि काही जण नफ्यासाठी देतात, ती गुंतवणूक. तिन्हींचा कर वेगळा, कायदा वेगळा आणि मुख्य म्हणजे देणाऱ्याची अपेक्षा वेगळी असते. एकाच पत्रकात तिन्ही भाषा वापरल्या की प्रत्येक जण आपल्याला सोयीचा अर्थ लावतो.

गुंतवणुकीचं उदाहरण म्हणून तुम्ही कन्नडच्या ‘लुसिया’बद्दल विचारलं आहे. पवन कुमार यांनी निर्माते मिळेनात म्हणून स्वतःच्या लेखनातून लोकांना आवाहन केलं, सुमारे ११० जणांनी मिळून ५० लाखांच्या आसपास रक्कम दिली आणि २०१३ मध्ये चित्रपट आला, चाललाही. ते यश खरं आहे. पण त्यातून ‘नफ्यात वाटा देतो असं जाहीर करून कोणाकडूनही पैसे घ्यावेत’ असा अर्थ काढू नका. सर्वसामान्य लोकांना परताव्याचं आश्वासन देऊन पैसे गोळा करणं भारतात फार काटेकोर नियमांत बसवलेलं आहे. खासगी कंपनी एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना समभाग देऊ करू शकत नाही आणि त्याची जाहीर जाहिरात करता येत नाही. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये या विषयावर विचारविनिमयाचा मसुदा काढला होता, पण संकेतस्थळावर जनतेकडून असं भांडवल घेण्याची मोकळीक त्यातून आली नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. ‘वर्षभरात दीडपट करून देतो’ असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरला, तर तुम्ही चित्रपट करताय की भिशी चालवताय हे कोणी विचारत बसणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की लोकांकडून वर्गणी आणि आगाऊ विक्री एवढंच घ्यावं. नफ्यासाठी पैसे घालणारे हवेच असतील तर ते ओळखीतले पाच-सात जण असावेत, वकिलाने केलेला लेखी करार असावा, आणि पैसे बुडू शकतात हे वाक्य करारात ठळक असावं. हक्क मात्र एकाच ठिकाणी ठेवा. त्यासाठी एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा खासगी कंपनी काढा आणि पटकथा, संगीत, चित्रण या सगळ्याचे हक्क लेखी तिच्या नावावर घ्या. पुढे ओटीटीवाला किंवा दूरचित्रवाहिनी चित्रपट विकत घ्यायला आली की पहिली मागणी हक्कांच्या सलग कागदपत्रांची असते. पन्नास ‘सहनिर्माते’ करून ठेवलेत तर त्या दिवशी पन्नास जणांच्या सह्या शोधत फिरावं लागेल. ओनीर यांच्या ‘आय ॲम’ला फेसबुकवरच्या आवाहनातून चारशेच्या आसपास लोकांनी हातभार लावला होता. इतक्या जणांचे आभार मानता येतात, हक्क वाटता येत नाहीत.

करांबद्दल थोडक्यात. तुमच्या वैयक्तिक खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त भेट आली तर ती रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. आगाऊ विक्रीचे पैसे हे धंद्याचं उत्पन्न, आणि सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशातल्या मराठी मंडळांकडून वर्गणी मिळवायचा विचार असेल तर जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे विदेशी योगदान, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कडक कायद्यात येणारी रक्कम, धरले जात नाहीत, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाने दिलेली देणगी धरली जाते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी. अशांना देणगी न मागता तिकडे चित्रपटाचा खेळ विकणं हा सरळ व्यवहार आहे. यावर सनदी लेखापालाचा एक तास विकत घ्या, तो खर्च वाया जात नाही.

आता संकेतस्थळ. किकस्टार्टरवर भारतातल्या निर्मात्याला मोहीम लावता येत नाही, त्यामुळे ते सोडून द्या. आपल्याकडच्या संकेतस्थळांत दोन पद्धती दिसतात. काही ठिकाणी ठरवलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे मिळतात, नाहीतर देणाऱ्यांना परत जातात. काही ठिकाणी जमतील तेवढे मिळतात. चित्रणासारख्या कामाला मी पहिली पद्धत निवडेन. दहा लाखांचं काम तीन लाखांत सुरू करून अर्धवट सोडणं हे देणाऱ्यांशी वाईट वागणं आहे.

हाती किती येतं तेही बघा. समजा १० लाख जमले. संकेतस्थळाचं शुल्क ८ टक्के धरलं तर ८० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४,४००. पैसे वळते करण्याचं शुल्क २ टक्के धरलं तर २० हजार आणि त्यावरचा कर ३,६००. पुस्तकं, पोस्टर, कुरिअर मिळून ६० हजार. एकूण १ लाख ७८ हजार गेले, हाती उरले ८ लाख २२ हजार. ठिकाणाप्रमाणे टक्केवारी बदलेल, पण मोहिमेचा आकडा ठरवताना ही वजाबाकी आधी करायची असते.

बक्षिसं म्हणून काय देऊ नये हे मात्र ठासून सांगतो. चित्रपट पाहण्याची लिंक देण्याचं वचन देऊ नका. महोत्सव पहिल्या प्रदर्शनाचा आग्रह धरतात, ओटीटीला एकहाती हक्क हवे असतात, आणि हजार जणांकडे गेलेली लिंक कुठेही पोचते. त्याऐवजी खेळाचं आमंत्रण द्या: ‘प्रदर्शनाआधी अंबाजोगाई, बीड आणि पुण्यात वर्गणीदारांसाठी खेळ होईल.’ श्रेयनामावलीतलं नाव, पटकथेची प्रत, चित्रणाच्या ठिकाणी एक दिवस हजर राहण्याची मुभा, हे सगळं चालतं. भूमिका विकू नका. मोठी रक्कम देऊन पुतण्याला घ्या म्हणणारा माणूस हमखास भेटतो. निवडणूक जवळ आली की एकरकमी दहा लाख देणारेही भेटतात. कोणा एकाकडून एकूण रकमेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम पहिल्याच पत्रकात छापून टाका. मग नाही म्हणताना नियमाकडे बोट दाखवता येतं.

वस्तुरूपाने मिळणारी मदत तुमच्या भागात पैशाहून सहज मिळेल. सप्ताहाच्या वेळी घराघरातून भाकऱ्या गोळा करून पंगत उठवण्याची सवय प्रत्येक गावाला आहे. चाळीस माणसांचं पथक पंधरा दिवस जेवायचं असेल तर तीच पद्धत वापरता येईल. पीठ, तेल, किराणा तुम्ही पुरवा, घरं वाटून घ्या, कोणत्या दिवशी कोणती गल्ली हे आधी ठरवा. ज्या बायका रोज रांधतील त्यांना मजुरी द्या. मुक्काम शाळेत करायचा असेल तर सुटीचे दिवस बघून मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. ट्रॅक्टर, बैलगाडी, जनित्र, जे फुकट मिळेल त्याची बाजारभावाने किंमत वहीत मांडा. हे दोन कारणांसाठी: देणाऱ्याचं नाव राहतं, आणि पुढच्या वेळी चित्रपटाचा खरा खर्च किती होता हे तुम्हालाच कळतं.

हिशेब उघडा ठेवा. कंपनीच्या नावाने वेगळं चालू खातं, क्यूआर कोडवर तेच नाव, रोख दिल्यास क्रमांकाची पावती. महिन्यातून एकदा सगळ्या वर्गणीदारांना एक पानी निरोप: किती जमले, किती आणि कशावर खर्च झाले, काम कुठवर आलं. काम अडलं असेल तर तेही त्यातच. पैसे दिल्यावर आठ महिने काहीच कळलं नाही ही तक्रार मी सतत ऐकत आलो आहे, चित्रपट फसल्याची तक्रार मात्र क्वचित. लोक फसलेला चित्रपट समजून घेतात. चित्रपट अपुरा राहिला तर उरलेल्या पैशाचं काय होणार हेही पहिल्या दिवशी सांगून ठेवा.

मुख्य प्रश्न: ३८ लाख जमतील का? एकदम नाही. टप्पे करा. पहिली मोहीम फक्त चित्रणाची, समजा १२ ते १४ लाखांची. संकलन, ध्वनी आणि रंगसंस्कार यांचा टप्पा वेगळा ठेवा, कारण तोवर दाखवायला तुमच्याकडे चित्रित भाग असेल. त्या टप्प्यात बाहेरच्या संस्थाही ऐकून घेतात. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या फिल्म बझारमध्ये (आता ‘वेव्हज फिल्म बझार’) २००७ पासून देशोदेशींचे खरेदीदार आणि महोत्सवांचे निवडकर्ते येतात, अपुऱ्या चित्रपटांसाठी तिथे वेगळा विभाग असतो. राज्य शासनाचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी त्याची रचना राहिली आहे, अर्ज करताना त्या वेळचा शासन निर्णय वाचा. पण ते चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. आज चित्रण करायला त्याचा उपयोग शून्य. अनुदान येणारच असं धरून व्याजाने पैसे काढलेली माणसं मी पाहिली आहेत, तसं करू नका.

आणि प्रदर्शनासाठी काहीतरी राखून ठेवा, निदान एकूण रकमेचा पाचवा भाग. चित्रपटगृहांना पाठवायच्या डिजिटल प्रती, त्या पडद्यावर नेण्याचं शुल्क, पोस्टर, गावोगावचे खेळ, सगळ्याला पैसे लागतात आणि तेव्हा खिसा रिकामा असतो. ‘श्वास’ आठवतो? २००४ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी निवड झाली आणि अमेरिकेत प्रसिद्धी करायला पैसे नव्हते. तेव्हा शाळकरी मुलांपासून नामवंतांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. लोकांनी दिलं, कारण त्यांनी चित्रपट पाहिला होता आणि तो त्यांना आपला वाटला होता. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं, त्याचा आनंदही त्यात होता. तुमच्या वाट्याला असा क्षण येईलच असं धरता येत नाही, म्हणून राखीव रक्कम.

वेळापत्रक तर ऊसच ठरवेल. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून लोक निघतात. तुम्हाला याच दिवाळीत कॅमेरा लावायचा आहे, पण वहीत अजून एकही नाव नाही आणि कंपनीही काढलेली नाही. या हंगामात दोन-तीन माणसांचं पथक घेऊन फडावर जा, तिथल्या मुलांबरोबर राहा, परवानगी घेऊन थोडं चित्रण करा आणि त्यातून चार मिनिटांची फीत बांधा. जानेवारी ते मे लघुपटांचे खेळ लावा. हंगाम संपवून मंडळी गावी परततात तेव्हा ती फीत आधी त्यांना दाखवा, काय खटकतं ते ऐका आणि पटकथा दुरुस्त करा. जुलैमध्ये मोहीम लावा, चाळीस दिवसांपेक्षा लांबवू नका, आणि पहिल्या आठवड्यात वहीतल्या माणसांना स्वतः फोन करा. पहिला एक-तृतीयांश हिस्सा ओळखीतून भरला गेलेला दिसला तरच अनोळखी माणूस पुढे येतो. गणपतीच्या आधी मोहीम बंद करा, त्या दिवसांत प्रत्येक दारात आधीच एक पावतीपुस्तक येऊन गेलेलं असतं. सप्टेंबरअखेर पैसे खात्यात असले तर त्या वर्षीच्या पहिल्या गाडीबरोबर तुमचं पथक निघू शकेल.

अंदाजपत्रक दुरुस्त करून पाठवा, मजुरीच्या रकान्यापासून पुन्हा बघू.